मालकाची भेट होऊ न देणारा एजंट: वावर घेताना आमच्या बाबांची झालेली फसवणूक

आमच्याकडे यवतमाळ जिल्ह्यात सध्या जो तो वावर (शेत) नाहीतर प्लॉट घेऊन राहिला आहे, आणि गावागावात एजंट पण तितकेच झालेत, कालपर्यंत कृषी केंद्रात बसणारा पोरगा आज प्रॉपर्टीवाला. सगळे खोटे असतात असं माझं अजिबात म्हणणं नाही, चांगला माणूस पण आम्हाला नंतर भेटला, त्याचंही सांगतो. पण पहिले आमच्या बाबांसोबत जे झालं ते पूर्ण लिहितो, कारण हीच पद्धत आता दुसऱ्या तालुक्यातून पण ऐकू येऊन राहिली आहे.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. घरचं वावर आहे, पण आतमध्ये आहे, पांदण पावसाळ्यात पूर्ण चिखलाची होते, कापूस वेचला की गठ्ठे डोक्यावर घेऊन रोडपर्यंत आणावे लागतात. रिटायर झाल्यावर ग्रॅच्युइटीचे पैसे आले तेव्हा बाबांच्या मनात एकच होतं, रोडला लागून दोन-अडीच एकर घ्यायचं, विहीर असलेलं. चार लोकांत ते बोलले आणि आठवड्याच्या आत एजंट घरी हजर. तालुक्याच्या गावी त्याचं ऑफिस, भिंतीवर लेआउटचे रंगीत नकाशे, बाहेर बोर्डावर मोठ्या अक्षरात "रेरा रजिस्टर्ड" (रेरा म्हणजे घर-प्लॉटच्या प्रोजेक्टवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण). बोलणं एकदम गोड. "गुरुजी, तुमचे विद्यार्थी आहोत आम्ही, तुम्हाले चुकीचं दाखवून कुठं जाऊ."

त्यानं दाखवलेलं वावर खरंच चांगलं होतं. डांबरी रोडला लागून, काळी जमीन, विहिरीला पाणी, धुऱ्यावर (बांधावर) मोठं निंबाचं झाड. भाव एकरी 11 लाख सांगितला, आजूबाजूला त्यापेक्षा जास्त चालू होता. एवढं स्वस्त कसं, हे बाबांनी तिथंच विचारलं. त्यावर उत्तर तयार होतं, मालक पुण्याला मुलाकडे राहतो, दवाखान्यासाठी अर्जंट पैसे पाहिजेत. आणि वरून हे की शक्तिपीठ महामार्ग इकडूनच जाणार, एकदा मार्किंग झालं की भाव डबल. आता तो महामार्ग पवनारपासून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत ठरलेला आहे आणि यवतमाळ जिल्ह्यातून जातो हे खरं आहे, पेपरात रोज येतं, त्यामुळे ऐकणाऱ्याला ते खोटं वाटत नाही. पण कोणत्या गटातून (जमिनीच्या कोणत्या नंबरातून) जाणार हे एजंटला कुठून माहीत असणार? समृद्धी महामार्गाच्या वेळी पण कारंजा, धामणगाव पट्ट्यात इंटरचेंजच्या नावानं असंच चाललं होतं.

बाबांनी मालकाला भेटायचं म्हटलं. एजंट म्हणे मालक आजारी आहे, फोनवर बोलून घ्या, आणि लावून दिला फोन. पलीकडून एक म्हातारा आवाज, "हो गुरुजी, ते पोरगं सांगते तसंच करा, माया त्याच्यावर इश्वास हाय." तो आवाज कोणाचा होता हे आजपर्यंत समजलं नाही. सातबारा मागितला तर झेरॉक्स मिळाली, जुनी, हातानं लिहिलेली, आणि झेरॉक्स अशी मारलेली की उजवीकडचा इतर हक्काचा रकाना, जिथं कर्ज, बंदी असं लिहिलेलं असतं, तो अर्धा बाहेर. बाबांनी विचारलं तर म्हणे मशीन खराब आहे, ओरिजिनल रजिस्ट्रीच्या दिवशी पटवाऱ्याकडून घेऊन देतो.

मग सुरू झाली घाई. एक नागपूरची पार्टी उद्या टोकन देऊन राहिली आहे, तुमच्यासाठी रात्रभर थांबवून ठेवलं, असे फोन सकाळ-संध्याकाळ. शेवटी चार लाख इसार (आगाऊ रक्कम) ठरला. त्यातले दीड लाख खात्यावर, पण मालकाचं खातं बंद आहे म्हणून एजंटच्या बायकोच्या खात्यावर. बाकीचे रोख. इसार पावती स्टॅम्पवर नोटरी करून दिली, मालकाच्या नावापुढे अंगठा आधीच लागलेला. रजिस्ट्री दिवाळीनंतर.

दिवाळी झाली, तुरीचा हंगाम आला, रजिस्ट्री काही होईना. कधी सर्व्हर डाऊन, कधी मालक ॲडमिट. माझी बहीण अमरावतीला असते, ती सुटीत आली होती, तिनं पावतीवरचा गट नंबर टाकून ऑनलाइन सातबारा काढला. 15 रुपये लागतात, डिजिटल सहीचा असतो. त्यावर भोगवटादार वर्ग 2, म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन. इतर हक्कात स्पष्ट लिहिलेलं, भूदान जमीन, हस्तांतरणास बंदी. मग तिनं महाभूनकाशावर (सरकारच्या ऑनलाइन नकाशावर) तोच गट उघडला, तर तो गट रोडला लागूनच नव्हता, मागे नाल्याच्या पलीकडे, जायला रस्ता पण नाही. म्हणजे दाखवलं एक वावर आणि कागद दुसऱ्याच वावराचे. निंबाचं झाड असलेलं वावर ज्यांचं आहे त्यांना तर विकायचंच नव्हतं, ते विकायला निघालंय हे त्यांना आमच्याकडूनच समजलं.

आम्ही सातबाऱ्यावरचं नाव शोधत गेलो. मालक पुण्याला बिण्याला काही नाही, चार गावं सोडून राहतात, कुडाचं घर, अंगणात तुरीच्या शेंगा झोडून राहिले होते. बाबांनी इसार पावती पुढे केली तर आजोबा घाबरूनच गेले. "मी काहून इकू जी वावर? हे भूदानातलं हाय, माया बापाले भेटलं होतं, इकता येत नाई हे बापच सांगून गेला." अंगठ्याचं विचारलं तर हळूहळू निघालं की एक पोरगा आला होता, पीक कर्जाचं काम करून देतो म्हणाला, कागदावर अंगठे घेतले, हातावर दोन हजार ठेवून गेला. त्यांची सून आतून ओरडायला लागली की आता पोलीस येतील का. बाबा त्या माणसाच्या बाजूला खाली बसले आणि बराच वेळ त्यांनाच समजावत राहिले की तुम्हाला काही होणार नाही, तुमची पण फसवणूकच झाली आहे. मला तेव्हा एजंटचा जो राग आला तो अजून गेलेला नाही. चार लाख आमचे गेले ते एक, पण ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्याच्या अंगठ्याचा असा वापर करणं म्हणजे हद्द झाली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, विनोबांच्या भूदान चळवळीत 1951 नंतर ज्या जमिनी भूमिहीनांना मिळाल्या त्या विदर्भात भरपूर आहेत, आणि यवतमाळ जिल्ह्यात तर खूपच. त्यांना 1953 चा मध्य प्रदेश भूदान यज्ञ कायदा लागतो, कारण विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता. ज्याला मिळाली त्यानं आणि त्याच्या वारसांनी ती कसायची, विकायची नाही. तसंच आदिवासी बांधवांच्या जमिनीचं, महसूल संहितेच्या कलम 36 आणि 36-अ प्रमाणे परवानगीशिवाय बिगर आदिवासीला ती घेता येत नाही, आणि 1974 च्या कायद्यानं कितीतरी जमिनी मूळ मालकाला परत झाल्या आहेत. "परवानगी मी आणतो, तुम्ही फक्त इसार द्या" असं जो एजंट म्हणेल त्याच्यापासून दूर राहा. आणि ज्यांच्या नावावर आधीची शेती नाही त्यांना तर विदर्भाच्या 1958 च्या कुळ कायद्याप्रमाणे शेतजमीन सरळ घेताच येत नाही, तरी पण "शेतकरी दाखला काढून देतो, वीस हजार लागतील" म्हणणारे आहेतच. तो दाखला खोटा निघाला की पुढची रजिस्ट्री पण अडचणीत.

रेराच्या बोर्डाचं पण सांगतो. महारेराचं रजिस्ट्रेशन लेआउट, फ्लॅट अशा प्रोजेक्टसाठी असतं. 500 चौरस मीटरपेक्षा मोठा लेआउट असेल तर प्रोजेक्टचं रजिस्ट्रेशन लागतं आणि तो विकणाऱ्या एजंटचं पण, 2023 पासून तर एजंटला परीक्षा देऊन सर्टिफिकेट घ्यावं लागतं. एजंटचा नंबर ए अक्षरानं सुरू होतो, प्रोजेक्टचा पी अक्षरानं, आणि महारेराच्या वेबसाइटवर दोन्ही दिसतात. आमच्या एजंटच्या नावावर तिथं काहीच निघालं नाही. पण समजा निघालं असतं, तरी साध्या वावराच्या व्यवहाराला रेरा लागत नाही, त्यामुळे नुसता बोर्ड पाहून शेतजमिनीसाठी भरवसा ठेवण्यात अर्थ नाही.

पोलिसांत तक्रार द्यायला गेलो तर पहिले ऐकायला मिळालं की हे दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा. वकिलानं अर्ज नीट लिहून दिला, की करार मोडल्याचं हे प्रकरण नाही, सुरुवातीपासून खोटी जमीन दाखवली, खोटा मालक फोनवर उभा केला, अंगठा दुसऱ्याच कारणानं घेतला. तो अर्ज पोलीस अधीक्षक कार्यालयात दिला तेव्हा गुन्हा दाखल झाला. खात्यावर टाकलेले दीड लाख सिद्ध झाले कारण स्टेटमेंट होतं, ते आणि वर थोडे त्यानं परत केले. रोख दिलेल्याचं तो सरळ नाही म्हणतो. जमिनीच्या व्यवहारात 20,000 किंवा त्यावर रोख घेणं इन्कम टॅक्सच्या नियमानं पण बंद आहे, त्यामुळे एजंट रोखच मागतो तेव्हा त्याला पुरावा ठेवायचा नाही एवढं समजून घ्या.

आता दुसऱ्या एजंटचं. नंतर बाबांनी पुन्हा नाव काढायचं नाही ठरवलं होतं, पण मामांनी एका काकांकडे नेलं, ते आधी तहसीलसमोर अर्जनवीसाकडे (अर्ज लिहून देणाऱ्याकडे) कामाला होते. त्यांचं पहिलं वाक्य, "गुरुजी, पैसे घरीच राहू द्या, पहिले मालकाच्या घरी चहा पिऊन येऊ." आणि खरंच मालकाच्या अंगणात नेलं, भाव मालकाच्या तोंडून ऐकवला, दोन्हीकडून एक-एक टक्का घेणार आणि तो पण रजिस्ट्री झाल्यावर, हे दोघांसमोर सांगितलं. मला वाटते एजंट पारखायची खरी जागा हीच. मधातला माणूस मालक आणि घेणारा यांना समोरासमोर बसू देत असेल तर त्याला भावात वरचे पैसे मारता येत नाहीत, कोणाच्या नावानं खोटं बोलता येत नाही. न भेटवण्याची कारणं कितीही खरी वाटली, पुणे असो की दवाखाना, व्हिडिओ कॉलवर तरी मालक दिसला पाहिजे आणि सातबाऱ्यावरच्या नावाशी त्याचं आधार कार्ड जुळलं पाहिजे. मुखत्यारपत्र (मालकाच्या वतीनं सही करायचा लेखी अधिकार) माझ्याकडे आहे, मीच सही करतो, असं एजंट म्हणाला तर मुखत्यारपत्र रजिस्टर आहे का, मालक हयात आहे का ते पाहा. नुसत्या मुखत्यारपत्रावर मालकी येत नाही हे सुप्रीम कोर्टानं 2011 मध्येच सांगितलं आहे.

काकांनी अजून जे केलं ते कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. वावर पाहायला नेलं तेव्हा चारी धुऱ्यांच्या शेजाऱ्यांना आवाज देऊन बोलावलं आणि त्यांच्यासमोर विचारलं की हे कोणाचं, रस्त्याचा वाद आहे का, विहिरीत कोणाचा हिस्सा आहे का. तिथंच समजलं की एक बहीण आर्वीला दिली आहे आणि तिची सही राहिली आहे. 2005 पासून मुलीचा हक्क वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच आहे, तिची सही किंवा रजिस्टर हक्कसोड (आपला हिस्सा सोडल्याचा दस्त) नसता तर उद्या तिच्या मुलांनी दावा लावला असता. काकांनी स्वतःच म्हटलं की ती सही होईपर्यंत थांबा, त्यांचं कमिशन लांबलं तरी. मागचे सगळे फेरफार (मालकी बदलाच्या नोंदी) काढले, सोसायटीच्या कर्जाचा बोजा होता तो मालकाकडून भरून उतरवून घेतला, भूमी अभिलेखची मोजणी करून क प्रत (मोजणीचा नकाशा) घेतली. इसार नोटरीवर न ठेवता साठेखत (विक्रीचा करार) रजिस्टर केलं, पैसे सगळे मालकाच्या खात्यावर. वेळ भरपूर लागला, भाव पण पहिल्यापेक्षा जास्त पडला, पण वावर बाबांच्या नावावर आहे.

पहिली केस अजून चालू आहे. त्या आजोबांना साक्षीदार केलं आहे आणि तारखेला आम्हीच त्यांना घेऊन जातो. तुमच्याकडून पण कोणी भूदानची किंवा वर्ग 2 ची जमीन रोडटच म्हणून दाखवून इसार घेतला असेल, तर एजंट "पुढच्या महिन्यात करू" म्हणत असतानाच लेखी तक्रार द्या, पावतीची झेरॉक्स, बँक स्टेटमेंट, व्हॉट्सॲपचे मेसेज आणि कॉल रेकॉर्डिंग जोडून, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोचचा शिक्का घ्या. आणि सातबाऱ्यावर ज्याचं नाव आहे त्या माणसाला पहिले शोधा, बऱ्याच वेळा त्याला काहीच माहीत नसते आणि तोच तुमचा सगळ्यात पक्का साक्षीदार असतो.