पूर्ण प्लॅनर की फक्त त्या दिवसापुरता कोऑर्डिनेटर?

लग्नाची तारीख ठरली की घरात पुढचा वाद सुरू होतो: सगळं प्लॅनरच्या हवाली करायचं, की ठरवाठरवी आपण करून त्या दिवसापुरतं कुणीतरी नेमायचं? मी दोन्ही करून बसलोय. धाकट्या बहिणीच्या लग्नात पूर्ण प्लॅनर होता, हॉल शोधण्यापासून शेवटची खुर्ची उचलेपर्यंत. तीन वर्षांनी माझ्या लग्नात आम्ही दोघांनी माणसं स्वतः जोडली आणि शेवटच्या टप्प्यात एक कोऑर्डिनेटर बाई घेतल्या. दोन लग्नांवरून नियम काढता येत नाही, हे मान्य. शिवाय पहिल्या लग्नात मी भाऊ होतो आणि दुसऱ्यात नवरा, आणि नवऱ्याला त्या दिवशी फारसं काही दिसत नाही. तेवढं धरून वाचा.

‘घरचेच करतील’ हा तिसरा पर्याय इथे घेतलाच नाही. घरचे करतात, चांगलं करतात, फक्त त्यांना लग्न बघायला मिळत नाही.

आधी प्लॅनरच्या बाजूने बोलतो, कारण पुढे मी त्याच्या विरोधात जाणार आहे. वेळ वाचतो, हे अगदी खरं. बहिणीला तीनच हॉल बघावे लागले. आम्ही अकरा पाहिले आणि सातव्यानंतर कुठल्या हॉलला खांब मधोमध होते हेही आठवेना. दुसरं म्हणजे ओळखी. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बहिणीचा फोटोग्राफर तापाने आडवा झाला. सातला कळलं आणि दहाच्या आत दुसरा ठरला, तोही बरा. माझ्या लग्नात असं झालं असतं तर मी कुणाला फोन केला असता, देव जाणे. ही एक गोष्ट कोऑर्डिनेटर घेणाऱ्याने उशाशी घेऊनच झोपायची असते. त्यावर उपाय एवढाच, की फोटोग्राफरशी करार करतानाच ‘तुम्ही नाही आलात तर कोण?’ हे विचारून त्या बदली माणसाचं काम बघून ठेवायचं.

पैशाचं थोडक्यात. काही प्लॅनर ठरावीक फी घेतात, काही एकूण खर्चाच्या टक्क्यांत. टक्क्यांत घेणाऱ्याला खर्च कमी करण्याची घाई नसते, यात त्याचा दोष काढण्यासारखं काही नाही, माणूस आहे. पण सजावटीचा प्रत्येक पर्याय आपण म्हटल्यापेक्षा एक माप मोठा का येतो, याचं उत्तर कधीकधी तिथे असतं. केटरर, डेकोरेटर यांच्याकडून कमिशन घेता का, हे पहिल्याच भेटीत सरळ विचारावं. चांगला प्लॅनर न चिडता सांगतो.

तर माझं गाडं अडलं ते पैशावर नाही. ते अडलं ‘विचारून सांगतो’ या दोन शब्दांवर.

प्लॅनर घेतला की हॉलवाला, केटरर, साउंडवाला, सगळे त्याचे होतात. तुम्ही त्यांच्याशी बोलत नाही, तुम्ही प्लॅनरशी बोलता. सुरुवातीला हे सुख वाटतं. मग एखादा बारका प्रश्न येतो. आमची आजी व्हीलचेअरवर. मी विचारलं, हॉलला पायऱ्या आहेत, तर खुर्ची वर कशी न्यायची? उत्तर आलं, विचारून सांगतो. दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी मी आठवण केली. चौथ्या दिवशी मेसेज आला: ‘रॅम्प आहे.’ पुढे अंगठा.

मी म्हटलं, कुठल्या बाजूला? विचारून सांगतो. दोन दिवसांनी: ‘मागच्या बाजूला.’ मागच्या बाजूला कुठे, आणि दार किती रुंद? आता मात्र मीच ओशाळलो. एवढ्या मोठ्या कार्यात हा माणूस दाराची रुंदी विचारत बसलाय, असं त्याला वाटत असणार, असं मला वाटलं आणि मी गप्प बसलो. इथेच ही पद्धत फसते. उत्तर मिळत नाही असं नाही, पण ते मिळवण्याचा इतका कंटाळा येतो की तुम्ही प्रश्नच गिळून टाकता.

लग्नाच्या दिवशी रॅम्प होता. मागच्याच बाजूला होता. तो जिथे संपत होता ते भटारखान्याचं दार आतून कडीबंद, कडीच्या पाठीशी रिकाम्या क्रेटची चळत, आणि उतार असा की खुर्ची ढकलायला दोघं लागावेत. शेवटी दोन मामांनी आजीला खुर्चीसकट पुढच्या पायऱ्यांवरून उचललं. आजी हसत होती, पण दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे घट्ट धरून. तो फोटोही आहे. नव्या फोटोग्राफरने फार छान टिपलाय आणि मला तो बघवत नाही.

माझ्या लग्नात हॉलच्या केअरटेकरचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. फोन केला, शनिवारी गेलो, आजीची खुर्ची गाडीत घालून घेऊनच गेलो. खुर्चीची रुंदी ६४ सेंटिमीटर निघाली. दार मोकळं ८० सेंटिमीटरच्या आसपास असेल तर ढकलणाऱ्याची बोटं सोलवटत नाहीत. उताराला साधा हिशेब आहे: एक फूट चढायचं असेल तर बारा फूट लांबीचा उतार, त्याहून आखूड असला की खुर्ची मागे ओढते. तिथला उतार आखूड होता. केअरटेकर म्हणाले, लांब फळी आहे आमच्याकडे, लावून ठेवतो. सगळं मिळून वीस मिनिटं. त्यांना विचारून कुणाला सांगायचं नव्हतं.

आता कोऑर्डिनेटरच्या बाजूची खोट. कष्ट तुमचे. आमच्या कित्येक संध्याकाळी कोटेशनं वाचण्यात गेल्या, आणि खुर्च्यांना कव्हर हवं की नको यावरून आम्ही दीड दिवस बोललो नव्हतो, त्याचा अर्थ आजही लागत नाही. ज्यांना फोनवर घासाघीस करणं जिवावर येतं, त्यांनी या वाटेला जाताना विचार करावा. आणि ‘त्या दिवसापुरता’ हे नाव फसवं आहे. त्या दिवशी सकाळी उगवणारा कोऑर्डिनेटर म्हणजे एक जास्तीचा पाहुणा. आमच्या बाई पाच आठवडे आधी आल्या. सगळे करार, फोन नंबर, राहिलेली देणी त्यांनी मागून घेतली आणि प्रत्येकाला स्वतः फोन करून दोनच प्रश्न विचारले: कधी येणार, आणि कधी जाणार?

त्या दुसऱ्या प्रश्नाने मी मोजलेले पाच आठवडे वसूल झाले. हॉलच्या करारात रात्री अकराला जागा रिकामी करून द्यायची अट होती. डेकोरेटर सामान न्यायला सकाळी येणार होता. दोन्ही कागदांवर माझी सही होती. मी दोन्ही वाचले होते, पण वेगवेगळ्या दिवशी.

लग्नं बिघडतात ती अशा सांध्यांवर. प्रत्येक माणूस आपापल्या जागी बरोबर असतो आणि मधल्या हातभर जागेला वाली नसतो. १९८१ साली लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये डायाना आणि चार्ल्स यांचं लग्न झालं, तेव्हा पोशाखाचा मागचा घोळ पंचवीस फुटांचा होता आणि काचेची बग्गी लहानखुरी. आत वधू, तिचे वडील आणि तो सगळा तलम रेशमी ऐवज. बाहेर पडली तेव्हा कापड चुरगळलेलं, आणि ते शिवणारे दोघं दारात उभे राहून सुरकुत्या सरळ करताहेत, हे सगळ्या जगाने टीव्हीवर पाहिलं. पोशाख उत्तम, बग्गी उत्तम. राजवाड्याला माणसांची काय कमी! तरी तिथेही सांधा तेवढा राहिला.

मग तुम्ही म्हणाल, सांधे बघायला प्लॅनरच बरा नाही का, सगळे धागे त्याच्याच हातात असतात. तत्त्वतः हो, आणि काही प्लॅनर ते बघतातही. माझा अनुभव एवढाच, की ज्याने सगळं स्वतः ठरवलंय त्याला स्वतःच्याच ठरवण्यातली भोकं दिसत नाहीत. बाहेरून आलेल्याला दिसतात. आमच्या बाईंना आमच्या वेळापत्रकाचा मुलाहिजा नव्हता.

वेळापत्रक तर त्यांनी फाडलंच. माणूस आपल्याच कामाला लागणारा वेळ हमखास कमी धरतो, आधीचा अनुभव समोर असला तरी. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या खोडीला ‘प्लॅनिंग फॅलसी’ असं नाव दिलं. मी नातेवाइकांच्या ग्रुप फोटोंना वीस मिनिटं धरली होती. बाईंनी यादी मागितली. बावीस ग्रुप निघाले. एका ग्रुपला दोन-तीन मिनिटं, तीही सगळे जागेवर असतील तर. म्हणजे पाऊण तास ते तासभर, आणि तेवढा वेळ जेवणाची रांग खोळंबणार. यादी अकरावर आणली. शिवाय चेहरे ओळखणारी आणि आवाज खणखणीत असलेली एक चुलत बहीण फोटोग्राफरच्या शेजारी उभी केली, नावं पुकारायला. हे काम फोटोग्राफरला जमत नाही, कारण त्याच्या लेखी सगळेच काका. आम्हा दोघांचे फोटो मात्र बाईंनी सूर्यास्ताच्या आधीच्या तासात सरकवले. उन्हाची तिरीप मऊ होते आणि डोळे बारीक होत नाहीत. ही फोटोग्राफरचीच मागणी होती, मी ती वेळापत्रकात घ्यायला विसरलो होतो.

प्रत्येक टप्प्यानंतर पंधरा मिनिटं रिकामी ठेवायला लावली. मला ती वाया वाटत होती. दोन वाजेपर्यंत त्यातली तीन पंधरा मिनिटं संपलेली होती.

सगळं गोड झालं असं नाही. फोटो, व्हिडिओ, साउंड आणि सजावट मिळून नऊ माणसं दिवसभर राबत होती. पाहुण्यांच्या आकड्यात ती मी धरलीच नव्हती आणि बाईंनाही तो आकडा माझ्याकडूनच गेला होता. त्यांना जेवायला साडेचार वाजले. प्लॅनर असता तर हे झालं नसतं, त्याच्या अंगवळणी असतं. कॉर्डलेस माइकची बॅटरीही एका आत्याच्या भाषणात मध्येच गेली, पण आत्याला त्याने काही फरक पडला नाही.

एवढं सगळं ऐकून कुणी विचारलं, तर मी साधारण असं सांगतो. लग्न दुसऱ्या शहरात आहे, तुम्ही दोघंही तिथे नाही, कार्यक्रम तीन-चार दिवसांचा आहे किंवा दोघांच्या नोकऱ्या अशा आहेत की दुपारी फोन उचलता येत नाही, तर पूर्ण प्लॅनर घ्या, त्यात कमीपणा नाही. माझी बहीण आजही म्हणते की तिला तिचा प्लॅनर पुन्हा चालेल. अर्थात रॅम्पचं प्रकरण तिला पुष्कळ उशिरा कळलं. पण लग्न एका दिवसाचं आहे, जागा तासाभराच्या अंतरावर आहे, आणि घरात कुणी वयस्कर, कुणी तान्हं, कुणी पथ्यावर असं आहे, ज्यांच्यासाठी बारीकसारीक विचारावं लागणार, तर मला वाटतं माणसं स्वतः जोडावीत आणि महिना-दीड महिना आधी कोऑर्डिनेटर आणावा. प्लॅनरच घ्यायचा ठरला, तरी निदान दोन माणसांशी थेट बोलायची मुभा करारातच लिहून घ्या: हॉलचा केअरटेकर आणि केटरर.

आणि राहिलेली देणी पाकिटांत घालून, वर नाव लिहून, ज्याला त्या दिवशी काही काम नाही अशा माणसाकडे द्या. नवऱ्याच्या खिशात नको. मी ती चूक केली आणि साउंडवाल्याचे पैसे स्टेजवरून खाली वाकून दिले.

प्लॅनर निवडायला जाल तेव्हा गोड बोलणं, फोटोंचा आल्बम, आधीच्या जोडप्यांचे मेसेज हे सगळं बघाच. मग सहज विचारा, की हॉलवाल्याचा नंबर आम्हाला मिळेल ना? बहिणीच्या वेळी मी विचारलं होतं. प्लॅनर हसला, वहीत काहीतरी टिपलं आणि म्हणाला, ‘विचारून सांगतो.’