रूफ रॅकचे क्रॉसबार: चौकोनी, गोल, एअरो की फ्लश, कोणी कोणता घ्यावा

क्रॉसबार म्हणजे सामान बांधायला गाडीच्या टपावर आडव्या लावायच्या दोन दांड्या. ते घ्यायचे ठरलं की पहिला वाद दांडीवरून सुरू होतो, चौकोनी की एअरो, स्टील की ॲल्युमिनियम. माझं मत विचाराल तर दांडी ही सगळ्यात शेवटी ठरवायची गोष्ट आहे. आधी गाडीचा टप बघा, मग त्या टपावर काय चढणार आहे ते बघा, आणि या दोन्हींतून जे पर्याय उरतील त्यातून दांडी निवडा. असं केलं ना की निम्मे प्रकार आपोआप गळतात.

टपाला लांबीच्या बाजूने उंच रेल असतील आणि रेलखालून बोटं आरपार जात असतील तर काम सगळ्यात सोपं, पाय, म्हणजे दांडीला टपावर धरून ठेवणाऱ्या पकडी, रेलला पाहिजे तिथे कसायचे, पाहिजे तेव्हा पुढे-मागे सरकवायचे. रेल टपाला चिकटून असेल, खाली फटच नसेल, तर त्याचे पाय वेगळे येतात. काही गाड्यांच्या टपात बोल्टसाठी जागा कंपनीनेच केलेली असते, छोट्या झाकणाखाली किंवा पट्टीखाली, आणि मॅन्युअल उघडल्याशिवाय ती लक्षातही येत नाही. काही व्हॅन आणि जुन्या जीपला पावसाच्या पाण्याची पन्हळ असते, तिला धरणारे पाय मिळतात. आणि यातलं काहीच नसेल, साधा गुळगुळीत टप असेल, तर दाराच्या चौकटीत पत्र्याची पकड अडकवून पाय बसवावे लागतात, त्यासाठी गाडीच्या मॉडेलप्रमाणे वेगळं फिटिंग किट लागतं.

गुळगुळीत टपवाल्यांना एक अडचण कोणी आधी सांगत नाही. पाय कुठे बसणार हे दाराची चौकट आणि किटची सूचना ठरवते, तुम्ही नाही. त्यामुळे दोन बारमधलं अंतर ठरलेलं असतं, आणि छोट्या गाडीत ते बरंच कमी निघतं. लांब सामानाला हेच नडतं. कयाक (लांब, अरुंद वल्ह्याची होडी) किंवा लांब सर्फबोर्ड दोन जवळजवळच्या दांड्यांवर ठेवला की समोरून वारा आला तरी त्याचं टोक वर-खाली व्हायला लागतं आणि सगळा ताण पट्ट्यांवर येतो. अशा वेळी दांडी कितीही भारी असू दे, अंतर वाढत नाही. टपावरच्या बॉक्सला पण ठरावीक अंतर लागतं, साधारण 60 सेंटीमीटरच्या पुढे, मॉडेलप्रमाणे कमी-जास्त, तेव्हा बॉक्स घ्यायच्या आधी टेप लावून मोजून घ्या.

आता वजन. तीन आकडे असतात, गाडीच्या टपाचा, बारचा आणि बारवर लावलेल्या कॅरिअरचा (म्हणजे सायकल किंवा कयाक धरून ठेवणाऱ्या चौकटीचा), आणि यातला सगळ्यात लहान असेल तोच तुमचा आकडा. बारच्या खोक्यावर 100 किलो छापलंय आणि गाडीचं मॅन्युअल 75 म्हणतंय तर तुमचे 75च, महागातला बार लावला म्हणून टप मजबूत होत नाही. शिवाय टपाच्या आकड्यात रॅकचं स्वतःचं वजन सहसा धरलेलं असतं. म्हणजे समजा मर्यादा 75, बार आणि पाय मिळून 6 किलो, वरचा बॉक्स 20 किलो, तर सामानासाठी उरले 49. दोन साध्या सायकली 15-15 किलोच्या आणि त्यांची दोन कॅरिअर 5-5 किलोची, तर बारसकट 46, आरामात बसलं. पण बॅटरीवाल्या जड सायकली असतील तर टपाचा विषय सोडा, टपावरच्या बऱ्याच सायकल कॅरिअरची मर्यादा एका सायकलीला 20 किलोच्या आसपास असते आणि तेवढं वजन डोक्यावर उचलून चढवणं हे पण सोपं नाही, त्यांना गाडीच्या मागे लावायचा रॅकच बरा.

हे सगळे आकडे चालत्या गाडीचे आहेत बरं का. उभ्या गाडीचा टप याच्या कितीतरी पट पेलतो, कारण ब्रेकचा झटका नाही, खड्डे नाहीत, वळणं नाहीत, म्हणून तर टपावरच्या तंबूत दोन माणसं झोपू शकतात. तंबूचं स्वतःचं वजन मात्र चालत्या गाडीच्या मर्यादेत बसायला हवं, आणि असे तंबू 50-60 किलोचे सहज असतात. कच्च्या रस्त्यावर जाणार असाल तर मर्यादा आणखी खाली येते, ऱ्हायनो-रॅकसारखी रॅक बनवणारी कंपनी त्यासाठी वेगळा, कमी आकडाच देते. तो शोधून बघा.

एवढं झाल्यावर दांडी. चौकोनी स्टीलचा बार हा जुना आणि स्वस्तातला, स्टील हा धातू ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट ताठ असल्यामुळे बारीक दांडीसुद्धा वजनाखाली फारशी वाकत नाही, जुनं-नवं कुठलंही यू-बोल्टवालं (दांडीला खालून वेढणाऱ्या यू आकाराच्या बोल्टचं) कॅरिअर त्यावर बसतं, आणि चौकोनी असल्यामुळे कॅरिअर गोल फिरत नाही. वाईट बाजू म्हणजे वजन, आवाज आणि गंज. वरचं प्लास्टिकचं आवरण कुठे चिरलं किंवा टोकाची कॅप पडली की आत पाणी जातं आणि बाहेरून काही दिसत नाही. समुद्राकाठी वापरणार असाल तर यावर नजर ठेवा. गोल बार म्हटलं की याकिमा कंपनीचा आठवतो, 28.6 मिलिमीटर व्यासाचा, मजबूत असतो, क्लॅम्प मिळायला त्रास नाही, पण कसणं जरा ढिलं राहिलं तर कॅरिअर दांडीभोवती फिरू शकतं. सायकल उभी नेणाऱ्यांनी हे विसरू नये.

एअरो बार ॲल्युमिनियमचा, कापून बघितला तर विमानाच्या पंखासारखा, पुढून गोलसर आणि मागे निमुळता. थूले कंपनीचा विंगबार 80 मिलिमीटर रुंद आहे. याच्या वरच्या बाजूला रबरी पट्टीखाली खाच असते, त्यात कॅरिअरचे बोल्ट सरकवून बसवायचे, त्यामुळे सामान दांडीला घट्ट चिकटून बसतं आणि पकडी खाली लोंबत नाहीत. पण तुमच्याकडे आधीची जुनी कॅरिअर असतील तर त्यांचे यू-बोल्ट एवढ्या रुंद दांडीभोवती जातीलच असं नाही, मग वेगळे अडॅप्टर, म्हणजे पुन्हा खर्च, हे हिशोबात धरूनच एअरो घ्या. फ्लश बार म्हणजे एअरोचाच भाऊ, दांडी पायाच्या आतच संपते, बाहेर टोक येत नाही, दिसायला छान, दार उघडून उतरताना डोकं आपटत नाही. मात्र रुंदी कमी मिळते. दोन कयाक शेजारी-शेजारी किंवा बॉक्स आणि दोन सायकली असं न्यायचं असेल तर मी फ्लश घेणार नाही, बाहेर टोक आलेला बारच घेईन. आणि फ्लशची लांबी त्या त्या गाडीपुरती असते, गाडी बदलली की बार पण बदलायची वेळ येऊ शकते.

आवाजाबद्दल लोक सगळ्यात जास्त वैतागतात म्हणून जरा सविस्तर. गोल दांडीवरून वारा गेला की तिच्या मागे एकदा वरून एकदा खालून असे भोवरे सुटत राहतात, आणि ते ठरावीक तालात सुटतात म्हणून सूर ऐकू येतो. 28.6 मिलिमीटरच्या दांडीला ताशी 100 किलोमीटरला सेकंदाला साधारण 190-195 वेळा, म्हणजे जाड घुंईं असा आवाज, आणि टपाचा पत्रा तो आणखी मोठा करतो. चौकोनी दांडीच्या कडांवर हवा अशीच फाटते. एअरोमध्ये मागचा भाग निमुळता असल्याने भोवरे लहान होतात, काहींवर वरून बारीक उंचवटे दिलेले असतात ते पण त्यासाठीच. म्हणजे शांतता हवी असेल तर एअरो किंवा फ्लश, यात वादच नाही. पण साधी दांडी आधीच घेतली असेल तर निराश होऊ नका, पुढच्या दांडीवर दोरी मळसूत्रासारखी तिरकी गुंडाळून घट्ट बांधा, भोवऱ्यांचा ताल मोडतो आणि आवाज बराच उतरतो, कारखान्यांच्या उंच चिमण्यांवर तिरक्या पट्ट्या असतात त्या याच कारणाने. समोर वाऱ्याची फळी पण लावता येते. आणि एअरो बार असूनही शिट्टी येतेय तर आधी खाचेतली रबरी पट्टी बघा, कॅरिअर काढल्यावर ती परत न बसवता खाच उघडी ठेवली की वारा तिथेच वाजतो. दांडी उलटी तर बसली नाही ना, गोलसर बाजू पुढे आहे ना, हे पण बघा. पट्टा फडफडून आवाज करत असेल तर त्याला एक-दोन पीळ द्या, लगेच थांबतो.

इंधनाचा फरक दांडीपेक्षा वर काय ठेवताय त्याने जास्त पडतो. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या माहितीत मोठ्या बोजड बॉक्समुळे गाडीचं ॲव्हरेज शहरात 2 ते 8 टक्के, हायवेवर 6 ते 17 टक्के, आणि ताशी 105 ते 120 किलोमीटरच्या वेगाला 10 ते 25 टक्के घटतं असं दिलंय. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो ना, म्हणून. तेव्हा वर्षभर रॅक लावून ठेवणाऱ्याने एअरो घ्यावा, त्याचे पैसे वसूल होतात. मोसमात दोन-चारदा लावून काढून ठेवणाऱ्याला चौकोनी स्टील पुरतं, आणि वाचलेले पैसे चांगल्या पट्ट्यांवर आणि पायांच्या कुलपांवर घालावेत असं मला अगदी मनापासून वाटतं.

काचेचा टप असलेल्या गाडीत आधी मॅन्युअल वाचा, काही गाड्यांना बार चालतच नाहीत. सनरूफ वर उचललं जात असेल तर दांडीला लागतं का, डिकीचं दार पूर्ण उघडल्यावर बॉक्सला आपटतं का, हेही एकदा हाताने सावकाश उघडून बघा. पाय बसवताना खालची धूळ पुसून घ्या, पायाच्या रबराखाली अडकलेले कणच रंग घासतात.

वापरलेला सेट मिळत असेल तर जरूर विचार करा, कारण दांड्या आणि पाय बरेचदा दुसऱ्या गाडीवर चालतात, बदलतं ते फिटिंग किट. घेताना टोकाच्या कॅप काढून आतला गंज बघा, पायाचं रबर कडक होऊन तडकलंय का बघा, बोल्टचे आटे गेलेत का ते पाना लावून फिरवून बघा, आणि तुमच्या मॉडेलचं किट अजून मिळतंय ना हे खात्री करूनच पैसे द्या.