घरी गाडीला पीपीएफ (रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म) लावताय? कापून आलेलं किट की अख्खा रोल

गाडीच्या मॉडेलप्रमाणे संगणकावर कापून आलेलं किट महाग पडतं, पण ब्लेड रंगाला लागतच नाही. रोल स्वस्त. मात्र फिल्म गाडीवर पसरून कडा तिथेच कापायच्या, म्हणजे हात जरा जड पडला की क्लिअर कोटवर (रंगावरच्या पारदर्शक थरावर) कायमची रेघ. ज्यापासून रंग वाचवायचा, तेच आपल्या हातून! नवख्याने किटच घ्यावं, असं माझं स्पष्ट मत.

किटलाही खोट आहे. बरीचशी किट पॅनलच्या कडेच्या किंचित आत संपतात, आणि त्या रेषेत धूळ धरते. रोलमध्ये कड आत दुमडता येते, काम दिसतच नाही.

लावायची रीत दोन्हींची एकच. पाण्यात बेबी शाम्पूचे चार थेंब टाकून पॅनल आणि फिल्मची चिकट बाजू दोन्ही ओलीचिंब करायची, फिल्म सरकवून जागेवर आणायची आणि स्क्वीजीने (पाणी ओढायच्या पट्टीने) मधून कडेकडे पाणी काढायचं. कड धरत नसेल तर तिथे आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळलेलं पाणी मारायचं. अडकलेला धुळीचा कण मात्र निघत नाही, म्हणून उघड्या पार्किंगमध्ये हा उद्योग नको.

दाराच्या मुठीमागच्या खोलगट भागासाठी किटचे तुकडे झकास. डिकीच्या उंबऱ्यासारख्या सपाट पट्टीला उरलेला रोलही चालतो. तो तुकडा मापाने टेबलावरच कापा. बंपर दोन्ही प्रकारांत छळतो, तो फिल्म लावून देणाऱ्या स्टुडिओवाल्याकडेच द्या. आणि काहीही घ्या, पण टीपीयू या लवचिक प्लास्टिकचंच. स्वस्त पीव्हीसी लवकर पिवळं पडतं.