ग्रामसभेचा बांबू: माल पक्का, प्रतवारी कच्ची

गडचिरोली-चंद्रपूरकडच्या ग्रामसभा विकतात तो बांबू बहुतेक मानवेल जातीचा. भिंत जाड, बुडाकडे जवळजवळ भरीव. मांडव, शिडी, दांडे, कुंपण यांना झकास. बुरडकामाला, म्हणजे टोपल्या-सुपं विणायला, मात्र ताठ पडतो, कारण कोवळी काठी इथे तोडत नाहीत.

पैसे मोजायचे ते याच शिस्तीचे. ठेक्याच्या तोडीत रांजीच्या (बांबूच्या बेटाच्या) कडेची, हाताला येईल ती काठी जाते आणि जून काठ्या मध्येच अडकून राहतात. सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर गावाचा कायदेशीर हक्क, असलेल्या गावाला पुढचं उत्पन्नही त्याच रांजीतून काढायचं असतं. म्हणून तीन वर्षांवरचीच काठी घ्यायची आणि जमिनीपासून वीतभर वर, पेराच्या गाठीला लागून छाटायची. गाठ सोडून वर कापलं तर खुंटाच्या पेल्यात पाणी साचून कुज कंदापर्यंत उतरते. डेपोत बुडाचं पहिलं कांडं जवळपास पूर्ण दिसलं, तर तोड जाणकाराची. अंगावर पांढरी भुकटी किंवा खपल्या असतील तर काठी पोरवयाची, बाजूला काढायला सांगा. जून काठीवर करडे डाग असतात आणि ठोकली की खणखणते.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावाला 2012 मध्ये 1,006 हेक्टर जंगलावर असा हक्क मिळाला. फांद्या छाटणं आणि वणवे नकोत म्हणून या गावाने तेंदूपानाचं उत्पन्न सोडलं, भिस्त बांबूवर ठेवली. दरात घासाघीस करण्याआधी एवढं ठाऊक असावं.

कागदपत्रांची धास्ती नको. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) ग्रामसभेला एप्रिल 2011 मध्ये वाहतूक परवान्याचं पुस्तक मिळालं. वनहक्क कायद्याच्या 2012 च्या नियमदुरुस्तीने परवाना देणं ग्रामसभेच्या समितीकडेच आलं. पैसे ग्रामसभेच्या बँक खात्यातच भरा. गाडी भरताना स्वतः नग मोजा, कारण परवान्यावरचा आकडा आणि गाडीतले नग जुळले नाहीत तर नाक्यावर गाडी अडते.

उणी बाजू प्रतवारीची. लांबी ठरते, जाडी ठरत नाही, आणि एकाच मोळीत मनगटाएवढी नि अंगठ्याएवढी काठी निघते. बुडाचा घेर सौद्यातच लिहून घ्या. दर सभेत ठरतो, त्यामुळे आज फोन नि उद्या गाडी जमत नाही. पावसाळ्यात तोड बंद.

माल हिवाळी तोडीचाच मागा, त्यात पिष्ट कमी म्हणून घुण कमी. तरी घरकामाला वापरायचा तर गाठींचे आतले पडदे सळईने फोडून बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाच टक्के द्रावणात आठवडाभर बुडवा, मग सावलीत उभा वाळवा. उन्हात टाकलात तर उभा चिरतो, आणि तो दोष डेपोचा नव्हे.

पाचपैकी चार गुण.