कॉम्प्युटर थंड झाला, पण प्रोसेसर माझा नव्हता

ज्या दिवशी कॉम्प्युटर दुरुस्त होऊन घरी आला, त्या दिवशी मी दुरुस्ती करणाऱ्याला फोन करून त्याचे आभार मानले होते. हे आधीच सांगून टाकते. फसल्यावर सगळे विचारतात, "तेव्हाच कसं कळलं नाही?" नाही कळलं, कारण मी खूश होते. ज्या तक्रारीसाठी तो दिला होता, ती तक्रार खरोखरच गेली होती.

यंत्र जुनं. कोअर आय५-२४००, म्हणजे इंटेलने २०११ च्या सुरुवातीला आणलेल्या पिढीतला प्रोसेसर, एच६१ प्रकारचा मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात तो बोर्ड), आणि प्रोसेसरसोबत खोक्यात आलेलाच पंखा. घरातल्या जुन्या व्हिडिओ कॅसेट्स डिजिटल करण्याचं काम मी त्यावर सवडीने करत होते. पाऊण तासात एक फाइल तयार व्हायची. मग कधीतरी मध्येच तो धाडकन बंद पडायला लागला. एरर नाही, निळा पडदा नाही, थेट अंधार. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद सापडली. पण तिचा अर्थ एवढाच की मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं. का, ते ती सांगत नाही.

तापमान दाखवणारा एक छोटा प्रोग्राम टाकला तेव्हा उलगडा झाला. नुसता सुरू असताना ५५ ते ६० अंश, आणि फाइल बनवायला घेतली की दोन मिनिटांत ९६-९७. प्रोसेसर मर्यादेला टेकला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, आणि तेवढ्यानेही भागलं नाही तर यंत्रणा वीजच तोडते. माझ्याकडे दोन्ही चालू होतं. त्या पडद्याचा मी मोबाइलवर फोटो काढून ठेवला. पुढे तो कामाला आला, किंवा यायला हवा होता.

माझ्या परीने मी धूळही काढली. पंख्याखाली हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांवर धुळीचा अक्षरशः नमदा बसला होता. ब्रश आणि ब्लोअरने तो गेला, तापमान चार-पाच अंशांनी उतरलं आणि तिथेच थांबलं. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारी पेस्ट असते, ती वाळली असणार हे माहीत होतं, पण हीटसिंक उचलायचा धीर होईना. तो धीर केला असता तर हे लिहायची वेळच आली नसती.

दुरुस्ती करणाऱ्याने कॅबिनेट उघडलं, बोट लावून "हं" केलं आणि म्हणाला, "मॅडम, बोर्डावरची पॉवरची आयसी, वीज सांभाळणारी चिप, गेलीय. प्रोसेसरला जास्त व्होल्टेज जातंय, म्हणून तापतो. ठेवून जा." मीटर लावला नाही, बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, व्होल्टेज पाहिलं नाही. मला ते खटकायला हवं होतं. त्याने दिलेल्या पावतीवर लिहिलं होतं: 'सीपीयू, १ नग'.

सीपीयू म्हणजे खरं तर नुसता प्रोसेसर, पण आपल्याकडे अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात. त्यामुळे मी सीपीयू दिला आणि मला सीपीयू परत मिळाला, पावतीप्रमाणे सगळं चोख!

चार दिवसांनी मशीन आलं. फाइल बनवायला लावली, तापमान ६२. अर्धा तास बघत बसले, ६२ च्या वर जाईना. बिल त्या वयाच्या यंत्राच्या मानाने जड होतं, 'आयसी बदल, पेस्ट, सर्व्हिसिंग' असं. मी ते हसत दिलं आणि वर तो आभाराचा फोन.

पाऊण तासाची फाइल आता सव्वा तास घेऊ लागली. आधी वाटलं विंडोज अपडेट. मग वाटलं हार्ड डिस्क. टास्क मॅनेजर उघडून पाहिला: आधीसारखेच चार आलेख, बेस स्पीड ३.१० गिगाहर्ट्झ. बरोबर आहे की, म्हणून बंद केला. असं मी तीनदा केलं असेन.

यातली मेख समजून घेण्यासारखी आहे. आय५-२४०० मध्ये चार कोअर, म्हणजे काम करणारे चार गाभे, असतात आणि हायपरथ्रेडिंग (एका कोअरने विंडोजला दोन असल्यासारखं दिसण्याची सोय) नसतं, म्हणून चार आलेख. त्याच पिढीतल्या आय३-२१०० मध्ये कोअर दोनच, पण हायपरथ्रेडिंग असतं, म्हणून तिथेही चारच आलेख. बेस स्पीड दोघांचाही ३.१. सॉकेट, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा, एकच, त्यामुळे एच६१ बोर्डाला काही फरक पडत नाही. फरक उरतो तो कॅशेचा (प्रोसेसरच्या आतली छोटी, वेगवान मेमरी), ६ एमबीच्या जागी ३. शिवाय टर्बोचा, म्हणजे गरज पडली तर वेग वाढवण्याचा: आय५ ३.४ पर्यंत जातो आणि आय३ ला टर्बोच नाही. आणि उष्णतेचा. आय५ चा आकडा ९५ वॅट, आय३ चा ६५. अर्धवट टेकलेल्या हीटसिंकखालीही ६५ वॅटचा प्रोसेसर निवांत राहू शकतो. निवड करणाऱ्याला आपला धंदा चांगला येत होता, हे मान्य करायला हवं.

खरं तर टास्क मॅनेजरमध्ये वर उजव्या कोपऱ्यात प्रोसेसरचं नाव स्पष्ट लिहिलेलं असतं. मी आकडे पाहिले, नाव वाचलंच नाही. घराच्या दारावरची पाटी आपण रोज वाचतो का, तसंच. चौथ्या वेळी ते वाचलं. आय३-२१००. खाली 'कोअर: २'. कॅबिनेटवरचं आय५ चं स्टिकर मात्र जागच्या जागी चमकत होतं.

दुरुस्ती करणाऱ्याला जाब विचारला, तर तो जराही गडबडला नाही. "तुमच्यात हाच होता मॅडम. स्टिकर काय, कुणीही चिकटवतं." मी मोबाइलमधला फोटो दाखवला, त्यात तापमानाच्या वरच आय५-२४०० असं नाव होतं. तो म्हणाला, "हा तुमच्याच मशीनचा कशावरून?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. फोटोत नुसता पडदा होता, कॅबिनेट नाही. पावतीवर मॉडेल नाही. मशीन असेंबल केल्याचं बिल कधीच हरवलेलं. बदललेली आयसी दाखवा म्हटलं, तर ती "फेकून दिली".

प्रोसेसरला स्वतःचा नंबर नसतो का, असा प्रश्न मलाही पडला होता. १९९९ मध्ये पेन्टियम ३ या प्रोसेसरसोबत इंटेलने सॉफ्टवेअरला वाचता येईल असा सीरियल नंबर दिला होता. खासगीपणावरून ओरड झाली आणि नंतरच्या पिढ्यांतून तो गेला. माझ्या पिढीच्या प्रोसेसरमध्ये सॉफ्टवेअर मॉडेल सांगतं, नेमका नग नाही. नगाची खूण असते ती धातूच्या झाकणावर कोरलेल्या बॅच नंबरात, आणि ते झाकण पेस्ट व हीटसिंकखाली गाडलेलं. म्हणजे आय५ काढून दुसरा, जास्त झिजलेला आय५ घातला असता तर मला आयुष्यात पत्ता लागला नसता.

भांडून काही हाती लागलं नाही. शेवटी जुना वापरलेला आय५-२४०० मिळवला आणि या वेळी हीटसिंक स्वतः उचलला. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, मटाराच्या दाण्याएवढी नवी लावली, सगळं बसवलं. तापमान? ९५.

त्या रात्री बोर्डच बाहेर काढला. या हीटसिंकला चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात. काळी खुंटी दाबली की ती पांढऱ्या, चिरलेल्या पायात शिरते आणि तो पाय बोर्डाखाली फाकून पकड घेतो. माझ्या चारपैकी एका पायाची एक फाक तुटलेली होती. वरून 'टक्' आवाज यायचा, खुंटी बसल्यासारखी दिसायची, पण तो कोपरा किंचित उचललेलाच. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने प्लास्टिक ठिसूळ झालं असणार. कॅबिनेटमध्येच हीटसिंक हलक्या हाताने डोलवून पाहिला असता तरी कळलं असतं. आयसी वगैरे काही गेली नव्हती. प्रोसेसर बदलताना त्या माणसाने हीच खुंटी काढून पुन्हा बसवली असणार. तुटलेली त्याला दिसली नसेल यावर माझा विश्वास नाही.

खुंट्यांऐवजी मागून पट्टी लावून स्क्रूने आवळायचा कूलर घेतला. घेणाऱ्यांनी भोकांमधलं अंतर बघा: या सॉकेटला ७५ मिलिमीटर लागतं, त्याआधीच्या ७७५ सॉकेटला ७२, आणि दिसायला दोन्ही कूलर सारखेच. आता फाइल बनवताना ६४ अंश, वेळ पाऊण तास.

कूलर बसवण्याआधी, पेस्ट लावायच्याही आधी, झाकणाचा फोटो काढला: मॉडेल, बॅच नंबर, बाजूला कॅबिनेटचा ओळखू येईल असा ओरखडा, सगळं एकाच फ्रेममध्ये. पुढच्या वेळी पावतीवर 'सीपीयू, १ नग' लिहायला लागले, तर त्याखाली प्रोसेसर, रॅम आणि डिस्कचं मॉडेल लिहून सही घेईपर्यंत मी तिथून हलणार नाही. तुटलेली ती फाक एका पाकिटात ठेवली आहे. नखाएवढीही नाही.