प्रागची पायी सहल: शनिवार सार्थकी लागला
जर्मनीतल्या ड्रेस्डेनला शिकतेय, म्हणून शनिवारी रेल्वेने प्राग गाठलं आणि जुन्या शहराची तीन तासांची पायी सहल घेतली. गाईड बाई फार छान! १४१० सालच्या खगोलीय घड्याळापुढे त्यांनी आम्हाला ठोके पडायच्या दहा मिनिटं आधीच उभं केलं, त्यामुळे खिडक्यांतून फिरणारे येशूच्या बारा शिष्यांचे (प्रेषितांचे) पुतळे नीट दिसले. पण पोटात कालवलं ते चौकातल्या फरसबंदीवरचे २७ पांढरे क्रूस बघून. १६२१ मध्ये तिथेच हॅब्सबर्ग सम्राटाविरुद्धच्या बंडाच्या २७ नेत्यांना देहदंड दिला होता. एकटी असते तर मी त्यांच्यावरून तशीच चालत गेले असते. चार्ल्स पूल मात्र घाईत उरकला. तीस पुतळ्यांपैकी दोनच दाखवले. रविवारी पहाटे मी पुन्हा गेले. गटात पुढेच राहा, मागे ऐकू येत नाही.