ट्रीटमेंट चांगली, डिस्चार्ज अतिशय वाईट, मामाला २० दिवसांत परत ऍडमिट करावं लागलं

हॉस्पिटलचं नाव मुद्दाम टाकत नाहीये. नाशिकमधलंच आहे, प्रायव्हेट. मामाला विचारूनच लिहितोय, तो म्हणाला लिही, दुसऱ्या कुणाचा तरी फेरा वाचेल.

मामा निफाडकडचा, द्राक्षबागेत कामाला. एचआयव्ही आहे, ९ वर्षं झाली, गोळ्या नीट चालू होत्या पण यंदा सहा-सात महिने सुटल्या, बागेचं काम सोडून नाशिकला चक्कर मारायची म्हणजे एक रोज बुडतो आणि तब्येतही बरी वाटत होती. सप्टेंबरमध्ये ताप, खोकला, वजन १० किलो उतरलं. ऍडमिट केलं तर सीडी४ (रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) ६८ आणि टीबी निघाला. ट्रीटमेंटबद्दल माझी एक अक्षराची तक्रार नाही, आयसीयूतल्या सिस्टर तर घरच्यासारख्या होत्या, ११ दिवसांनी मामा स्वतःच्या पायाने चालत लिफ्टपर्यंत आला.

घोटाळा झाला तो सुटीच्या दिवशी. बिल भरलं, मेडिकलमधून पिशवी मिळाली, सिस्टरने पाच मिनिटांत गोळ्या सांगितल्या, मामीने मान हलवली, झालं. डिस्चार्ज कार्डवर शेवटची ओळ "एआरटी कंटिन्यू", म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या चालू ठेवा. कंटिन्यू काय करणार, गोळ्या तर बंदच होत्या! घरी टीएलडीची (एचआयव्हीची तीन औषधं एकत्र असलेली गोळी) जुनी अर्धी बाटली होती ती मामाने चालू केली. टीबीच्या गोळ्या, लोह, कॅल्शियम, ऍसिडिटीची, सगळं सकाळी चहाबरोबर एकदम. एआरटी सेंटरला आधी जाऊन या असं कुणीच म्हटलं नाही आणि आम्हालाही सुचलं नाही, एवढ्या मोठ्या हॉस्पिटलने दिलंय म्हणजे पूर्णच असणार असं वाटलं.

विसाव्या दिवशी दम. चार पावलं टाकली की धाप. परत तेच हॉस्पिटल, परत आयसीयू, या वेळी वेगळाच न्यूमोनिया. दुसऱ्या डॉक्टरांनी फाइल बघून विचारलं सेप्ट्रान (अँटिबायोटिक गोळी) चालू नव्हती का? सीडी४ २०० च्या खाली असला की हा न्यूमोनिया होऊ नये म्हणून सेप्ट्रान रोज घ्यायची असते. कार्डवर ती लिहिलेलीच नव्हती. आठ दिवस आत गेले, आणि त्यात बेडच्या पायाशी आजाराचं नाव लिहिलेला कागद लावलेला, भेटायला आलेला कुणीही वाचेल असा. २०१७ चा एचआयव्हीचा कायदा आहे, पेशंटचं स्टेटस असं उघडं करता येत नाही, मी सांगितल्यावर काढला पण तोपर्यंत शेजारच्या बेडवाल्यांनी मामीशी बोलणं बंद केलं होतं. मामी त्या रात्री बाहेर बाकड्यावर झोपली.

दुसऱ्या सुटीनंतर मात्र घरी न जाता सीबीएस बसस्टँडवरून रिक्षा करून थेट सरकारी एआरटी सेंटरला. गर्दी होती, दोन तास बसलो, पण तिथल्या काउन्सेलर मॅडमना मी दहापैकी दहा देईन. मामा खाली मान घालून बसलेला, गोळ्या सोडल्या म्हणून ओरडतील असं त्याला वाटत होतं. मॅडम म्हणाल्या, "काका, आलात ना, बास. पिशवी ओता इथे." सगळ्या स्ट्रिप टेबलावर, एकेक हातात घेऊन कार्डाशी जुळवली. टीबीच्या गोळीतलं रिफाम्पिसिन हे टीएलडीतल्या डोलुटेग्राविरचा जोर कमी करतं, म्हणून टीबीचं औषध चालू असेपर्यंत आणि ते संपल्यावर दोन आठवडे डोलुटेग्राविर ५० ची आणखी एक गोळी बारा तासांनी घ्यायची असते, हे आम्हाला पहिल्यांदा तिथे कळलं. ऍसिडिटीची गोळी घ्यायचीच तर टीएलडीनंतर दोन तासांनी. लोह-कॅल्शियम उपाशीपोटी टीएलडीबरोबर नको. मामाला वाचायला त्रास होतो म्हणून त्यांनी स्केचपेनने स्ट्रिपवर सूर्य आणि चांदोबा काढून दिले. सेप्ट्रानवर सूर्य. रात्रीच्या डोलुटेग्राविरवर चांदोबा. मामीचा फोन नंबर घेतला, चौथ्या दिवशी स्वतः फोन करून विचारलं धाप लागते का म्हणून. हे सगळं फुकट, एआरटीच्या गोळ्या २००४ पासून सरकार फुकटच देतंय.

मॅडम म्हणाल्या एचआयव्हीत सीडी४ इतका खाली असताना सुटीनंतरचे पहिले काही आठवडे फार नाजूक असतात, कधी कधी गोळ्या नीट चालू असूनही त्रास होतो कारण प्रतिकारशक्ती परत जागी होताना आतला टीबी उसळतो, तेव्हा ताप किंवा गाठ आली तर गोळ्या बंद न करता लगेच या. मामाच्या बाबतीत हे एवढं जरी पहिल्या सुटीला कुणी सांगितलं असतं.

हॉस्पिटलला माझं एकच म्हणणं, सुटी द्यायच्या आधी एआरटी सेंटरला एक फोन लावा, सेप्ट्रान आणि डोलुटेग्राविर कार्डवर लिहा. आणि ज्यांचं माणूस आत्ता असंच एचआयव्ही आणि टीबीने ऍडमिट आहे त्यांनी बिल भरायच्या आधीच हे दोन शब्द कार्डवर शोधा, नसतील तर तिथेच विचारा, लाजू नका. काही अडलं तर १०९७ ला फोन करा, तोही फुकट आहे.

मामा आता घरी आहे. ऑक्टोबरची छाटणी यंदा त्याने खुर्चीवर बसून दुसऱ्यांकडून करून घेतली.